हळदीची दोरी

सोलापूर, गुरुवार, ता. ४ जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप वेणीमाधव भावजींना पद्मजाचा नमस्कार.

घरी सर्व क्षेम आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे. ते मी मुद्दाम गाळते आहे, कारण एकदा तसं लिहिलं की पुढचं लिहायला तोंड उरणार नाही. सासूबाईंचे गुडघे सोडले तर तब्येती बऱ्या आहेत. मालती सहा वर्षांची झाली. तुम्ही होतात तेव्हा ती तुमच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नसायची. आता तिला तुमचा चेहरा आठवत नाही.

आपण दोघं कधी धड बोललोसुद्धा नाही. मोठ्या दिरासमोर ताट ठेवायचं आणि उचलायचं, एवढाच आपला परिचय. आणि आज एकदम पाकीट! तुमच्या धाकट्या बंधूंना, म्हणजे ह्यांना, न सांगता लिहिते आहे. घरात तुमचं नाव काढायची सोय नाही. तुम्ही शांतम्माबाईंशी लग्न केलंत, त्या लिंगायत, त्यातून आधीच्या विधवा, म्हणून तुमची पत्रं न फोडता परत पाठवायचा जो परिपाठ सुरू झाला, तो चार वर्षं झाली तरी चालू आहे. त्या भांडणात मला पडायचं नाही. मला टायरबद्दल विचारायचं आहे.

नाकतोडा आठवतो ना? हे काय विचारणं झालं! ती बुटकी हिरवी दोन माणसांची रेसची गाडी तुम्ही दोघांनीच एका संस्थानाच्या पागेतून मोडक्या अवस्थेत आणली होती. तुम्ही हुबळीला गेलात आणि ती शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. या दिवाळीच्या पाडव्याला ह्यांनी ताडपत्री ओढून काढली. इंजिन उतरवलं, पुढची चाकं खोलली, पुन्हा जोडली, नवी टायरं घातली. आता ती पळते. फार पळते. कॅम्पातल्या क्लबानं अकरा फेब्रुवारीच्या रविवारी मोटारींची शर्यत ठेवली आहे. सात रस्त्यावरून सुटायचं, विजापूर रस्त्यानं भीमेच्या अलीकडे वळायचं आणि परत. ह्यांनी नाव दिलं आहे.

आता जे पाहिलं ते लिहिते. शेडमध्ये ह्यांचा डबा घेऊन गेले होते. ठेवायला जागा नव्हती म्हणून पुढच्या चाकाला टेकून उभी राहिले, तर हाताला काहीतरी वेगळं लागलं. टायरची बाहेरची बाजू नवी कोरी, नक्षी जशीच्या तशी. आतली बाजू मात्र तव्यासारखी गुळगुळीत. आतून बाहेर हात फिरवला तर काही नाही, बाहेरून आत आणला की किसणीसारखं लागतं. पुढची दोन्ही टायरं अशीच. मागची एकसारखी झिजलेली आहेत. दिवाळीची टायरं आणि संक्रांतीच्या आत ही दशा!

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "रस्ते मध्ये फुगलेले, कडेला उतरते. त्यानं झिजतात. तू भाकरी थापतेस तेव्हा मी काही सांगायला येतो का?" बरं बाई. पण मग मागची का नाही झिजली, एवढं विचारायचं मनात आलं होतं, ते गिळलं.

शेडवर सिद्धाराम म्हणून माणूस आहे, तुमच्यानंतर कामाला लागला. शर्यतीत शेजारच्या जागेवर तोच बसणार. ह्यांची पाठ फिरताच तो मला म्हणाला, "वैनी, गाडी सरळ पळंना बगा. वेग वाढला की पुढचं अंग डुलतंय. मालक हातातलं चक्र गच धरत्यात, पर गाडी लई ओढती. कवा हिकडं, कवा तिकडं."

ह्यांच्या कपाळाला खरचटलं आहे. शेडचं दार लागलं म्हणतात.

भावजी, हे कशाचं लक्षण आहे? तुम्ही ती गाडी जन्माला घातलीत. सिद्धारामच्या पत्त्यावर दोन ओळी टाका, तो मला आणून देईल. शांतम्माबाईंना… तिथं काय लिहावं ते मला कळत नाही. नमस्कार कळवा.

तुमची भावजय
पद्मजा


सोलापूर, शुक्रवार, ता. १२ जानेवारी १९३४

भावजींना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. सिद्धारामला वाचता येत नाही, तेवढं बरं. पोस्टमननं आणि निम्म्या गल्लीनं वाचलं असणारच. "चोरून पत्रव्यवहार मला जमणार नाही. विचारायचे ते कमलाकरने विचारावे, मी सांगेन." वा! शाबास! एक भाऊ पत्र फोडत नाही आणि दुसरा पत्र लिहीत नाही. तुम्हा दोघांना एकाच आईनं वाढवलं यात मला काडीची शंका उरली नाही.

रागानं लिहिते आहे, मोठ्या दिराला असं लिहू नये, सगळं ठाऊक आहे. पण ह्यांनी विचारावं म्हणता ते कसं शक्य आहे, ते तुम्हीच ऐका.

तुम्ही गेल्यावर शेडकडे येणाऱ्या गाड्या हळूहळू कमी झाल्या. डॉक्टर, वकील, मिलमधले साहेब, जो येई तो म्हणे, "मोठे भाऊ नाहीत का? मग पुन्हा येऊ." ह्यांच्या तोंडावर म्हणत. हात वेणीमाधवचा आणि धाकट्याची नुसती बडबड, असं सात रस्त्यावर पानाच्या दुकानापाशी बोललेलं मी स्वतः ऐकलं आहे. ह्यांनी ऐकलं नसेल असं नाही. म्हणून ताडपत्री निघाली. सगळ्या सोलापूरसमोर नाकतोडा एकट्यानं पळवून दाखवायचा आहे. आणि तो पळवण्यासाठी तुम्हाला विचारायचं? जीव जाईल पण विचारणार नाहीत. हे मी सहज म्हणत नाही.

एक गंमत सांगते, म्हणजे तुम्हीही जरा गप्प बसाल. तुमची ती दोरी आहे ना, मिलच्या सुताची, टायरवर उठून दिसावी म्हणून हळदीत बुडवलेली? तुम्ही गेलात तेव्हा खिळ्याला तशीच राहिली. हे अजून तीच वापरतात. नवी घेत नाहीत. फिकी झाली की माझ्याकडून हळद मागून नेतात, तोंडानं सांगत नाहीत कशाला ते. मागच्या चाकाला टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणायची, पुढचं चाक आपल्या दोन्ही कडांनी दोरीला टेकलं की सरळ झालं. नाकतोड्याची चाकं याच दोरीनं लावली आहेत. परवा सिद्धाराम म्हणाला, "मालक, पुन्यांदा बगू या की." तर हे म्हणाले, "दोरी खोटं बोलत नाही." हे वाक्य कुणाचं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमचं नाव टाकलं आहे, पण शिकवलेलं सगळं जपून ठेवलं आहे.

एवढ्यावरून तरी विरघळा. मी मागच्या पत्रात एक लपवलं होतं. ते खरचटणं दाराचं नव्हतं. गाडी होटगी रस्त्यावर कडेच्या चारीत गेली होती.

पद्मजा


सोलापूर, मंगळवार, ता. १६ जानेवारी १९३४

भावजी,

मला सापडलं. निदान सापडलं असं वाटतं. घाईनं लिहिते आहे, अक्षर लागेल तसं लावून घ्या.

गड्ड्याची जत्रा चालू आहे. नंदीध्वजांची मिरवणूक जाणार म्हणून संक्रांतीला आपल्या दारापासून कोपऱ्यापर्यंत रांगोळी मीच घातली होती. अंगणातही शेणसडा घालून रांगोळी पसरली, चाळणीनं, गालिचा काढायचा म्हणून. अजून रंग भरायचे होते, तेवढ्यात हे नाकतोडा घेऊन निघाले. फाटकातून सरळ, रांगोळीवरून! सासूबाई ओरडल्या, मालती रडली. मी मात्र चाळणी हातात धरून बघतच राहिले.

गाडीची चार चाकं गेली, तर मला वाटलं होतं दोन पट्टे उमटतील. पुढच्या चाकाच्या पट्ट्यावरून मागचं चाक जाणार. तसं झालं नव्हतं. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या आत पडले होते. वळताना मागचं चाक एका बाजूला आत येतं, तेवढं मलाही समजतं. इथं गाडी सरळ गेली होती आणि दोन्ही बाजूंना मागचा पट्टा आत होता. बोटं लावून पाहिली, दोन दोन बोटं. आणि पुढच्या चाकाचा पट्टा स्वच्छ उठलेला नव्हता, कुणीतरी अंगठ्यानं पुसत नेल्यासारखा फरफटलेला होता.

मग मी तिथंच बसले आणि आठवत गेले. तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात नाकतोड्याचा मागच्या दोन चाकांमधला आस तुटला होता. हे तेव्हा मामांच्या तेराव्याला करकंबला गेले होते. पुण्याहून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा आस रेल्वेनं आला आणि तो तुम्ही बसवलात. हे परत आले त्याच संध्याकाळी शांतम्माबाईंचं प्रकरण सासूबाईंच्या कानावर गेलं. मग जे झालं त्यात आसाचं कोण बोलणार? आस बदलला एवढं ह्यांना माहीत आहे. तो अरुंद आहे हे सांगायचं तुमच्याकडून राहिलं. खरं ना?

मागची चाकं जवळजवळ आणि पुढची लांब, मग त्यांना टेकवून ताणलेली दोरी पुढे फाकतच जाणार. त्या दोरीला धरून लावलेली चाकंही फाकलेलीच. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, तुम्हा भावांसारखी. आणि दोघांना एकाच रस्त्यानं ओढत न्यायचं, म्हणून आतली बाजू घासते, म्हणून गाडी डुलते. मी चुकत असेन तर चुकतेस म्हणून लिहा, पण लिहा.

ह्यांना बोलवायला शेडवर धावले. येईपर्यंत सासूबाईंनी अंगण झाडून काढलं होतं. "अपशकुन झाला, पुन्हा घाल," म्हणाल्या. मी तोंडानं सांगितलं. दोन वाक्यं होईपर्यंत ऐकून घेतलं, मग चेहरा बदलला.

"तो आस दादानं बसवला आहे," हे म्हणाले.

"म्हणूनच म्हणते मी."

"दादा वेडंवाकडं काही बसवायचा नाही. त्याचं बाकीचं कसंही असो. गाडीच्या कामात दादाला नावं ठेवायला तू कोण?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'दादा' ऐकलं, तेही माझ्यावर ओरडताना. मला रडू आलं. तुमच्यावरचा विश्वासच त्यांना घेऊन बुडणार आहे.

सवाष्णींना वाण द्यायचे दिवस आहेत. तिळगूळ पाठवते आहे, शांतम्मावहिनींसाठी. हो, वहिनीच लिहिलं.

पद्मजा


सोलापूर, शनिवार, ता. २७ जानेवारी १९३४

भावजी,

आधी हे, की कमलाकर जिवंत आहेत. नवऱ्याचं नाव लिहिलं, लिहू दे. बरगड्यांना मार आहे. सिद्धारामचा पाय गुडघ्याखाली मोडला. गुरुवारी होटगी रस्त्यावर गाडीनं एकाएकी तोंड फिरवलं आणि ती बाभळीवर गेली. तो बाहेर फेकला गेला. सिव्हिल इस्पितळात आहे.

ह्यांचं म्हणणं म्हैस आडवी आली. मी इस्पितळात गेले तर सिद्धारामनं माझा हात धरला. परक्या बाईचा हात धरावा असा तो माणूस नव्हे. म्हणाला, "म्हस कुटं हुती वैनी? रस्ता मोकळा हुता. पर मालकास्नी मी असं बोललो म्हनू नगा. त्यास्नी लई लागलंय मनाला." त्याची आई खाटेच्या पायाशी बसली होती. तिला मराठी थोडंच येतं. तिनं मला एवढंच विचारलं, "आमचा सिद्धू चालतोय न्हवं? तुमी शिकल्याली हाय. सांग की." मला काय येतं सांगायला? चालेल म्हणाले. खोटं असेल तर ते पाप माझ्या माथी.

तुमचं पाकीट आलं होतं. मंगळवारी, सरळ ह्यांच्या नावानं, सरळ घरच्या पत्त्यावर. मोठं मन केलंत. मी दारातच होते, पोस्टमनच्या हातातून घ्यायला पुढे झाले, पण हे मागून आले. अक्षर पाहिलं. किती वेळ पाहत होते! मला वाटलं फोडतात. मग पोस्टमनची पेन्सिल मागून घेतली, त्यावर 'घेत नाही' लिहिलं आणि परत दिलं. त्यात चाकांचंच होतं ना? ते माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. हिसकावून घ्यायला हवं होतं. हे मंगळवारी, आणि गुरुवारी सिद्धाराम.

आता गाडी पुन्हा शेडमध्ये आहे. बाभळीनं वाकवलेलं रातोरात सरळ करून झालं. काल डबा घेऊन गेले तर हे जमिनीवर बसले होते, बरगड्यांना पट्टा बांधलेला, आणि ती पिवळी दोरी ताणून पुन्हा पुढची चाकं लावत होते. पुन्हा तिलाच टेकवून! मी डबा ठेवला आणि परत आले. बोलून झालं आहे सगळं. ओरडून झालं, सासूबाईंच्या पाया पडून झालं. त्या म्हणतात, बायकांनी गाडीत लक्ष घालावं असं कुठल्या पोथीत सांगितलं आहे?

तुम्ही याल का? हुबळीहून गदग, गदगहून होटगी, होटगीला गाडी बदलून इथं. रस्ता मी मालतीच्या नकाशावर बोटानं रोज चालते. पण आलात आणि ह्यांनी दारातून परत पाठवलं तर? तर ते त्याच रागात गाडी बाहेर काढतील. म्हणून या म्हणायचीही मला भीती वाटते. मी काय करू? कुणाला सांगू? देवासमोर बसले तरी डोळ्यांपुढे टायर येतं.

पद्मजा


सोलापूर, बुधवार, ता. ७ फेब्रुवारी १९३४

भावजींना नमस्कार.

हे पत्र शांतपणे लिहिते आहे, कारण माझं ठरलं आहे.

सोमवारी सकाळी मी पुन्हा सगळ्या अंगणात सडा घातला आणि चाळणीनं रांगोळी पसरली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. नक्षी नाही, रंग नाही, नुसतं पांढरं. सासूबाई विचारू लागल्या तर म्हटलं, नवस आहे. हे गाडी घेऊन गेले आणि परत आले, तेव्हा मी फाटकातच उभी होते. "उतरा," म्हटलं. "एकदा बघा आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

बघितलं. उकिडवे बसून बघितलं. आपली बोटं पट्ट्यांवर ठेवली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. रांगोळी बोटांना लागली ती धोतराला पुसली. त्यांना समजलं, भावजी. त्यांच्या मानेवरून मला कळलं. म्हणाले, "दोन बोटं." मग उठले आणि बुटानं ते पट्टे पुसून टाकले.

मी म्हटलं, "आता तरी?"

"आता काय? चाकं नीट करतो मी. मला येतं."

"आणि टायर? आतून फाटायला आलं आहे. त्या मापाचं सोलापुरात मिळत नाही, तुम्हीच म्हणालात. आणि ही काही साधी गाडी राहिली नाही, आस एकीचा, अंग दुसरीचं. पुढची चाकं नक्की किती आत घ्यायची, ते बसवणाऱ्याला विचारा की."

"रविवारी पळवणार म्हणून सांगितलं आहे मी लोकांना. नाव काढून घेतलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, दादा असता तर पळाली असती."

असं म्हणाले आणि तोंड फिरवलं. इतकी वर्षं मला वाटायचं ह्यांना तुमचा राग आहे. राग नाही तो. तुमच्याशिवाय आपण कुणी नाही, या भीतीनं हा माणूस पोखरला आहे. आणि ही भीती मी कितीही रांगोळी पसरली तरी पुसली जायची नाही.

म्हणून मी क्लबाच्या चिटणिसांना चिठ्ठी पाठवली. शर्यतीत प्रत्येक गाडीत दोघं पाहिजेत असा नियम आहे. सिद्धाराम पडून आहे, दुसरा कुणी बसायला तयार नाही. दुसरा पुरुषच हवा असं नियमात कुठं लिहिलेलं नाही, मी नीट वाचून घेतलं. नाकतोड्यात कमलाकरांच्या शेजारी मी बसणार. चिटणीस साहेबानं "हरकत नाही" लिहून पाठवलं आहे. त्याला बहुधा मोठी मौज वाटली असेल.

ह्यांना सांगितलं तर आधी हसले. "नऊवारी नेसून?" म्हणाले. मी म्हटलं, कासोटा घट्ट आहे, तुमच्या चाकांहून जास्त. मग हसणं थांबलं. मग ओरडले. मग म्हणाले, "तू बसायचं नाही." मी विचारलं, "का? गाडी नीट आहे ना? तुम्हाला येतं ना?" त्यावर बूट घालून शेडवर निघून गेले.

भावजी, मी धमकी देत नाही. बसणार आहे. ते एकटे गेले आणि घरी बसून मी वाट पाहिली, असं मला जमणार नाही. जमलं असतं तर हा सगळा पत्रांचा खटाटोप कशाला केला असता?

एकच मागायचं आहे. आम्ही दोघं त्या गाडीत असणार. काही झालं तर मालतीला इथं ठेवू नका. सासूबाई थकल्या आहेत. तिला हुबळीला न्या आणि शांतम्मावहिनींच्या ओटीत घाला. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण ज्या बाईसाठी तुमच्यासारख्या माणसानं घर सोडलं, ती माझ्या मुलीला टाकणार नाही एवढं मला कळतं. मालतीला दूधभात साखर घालून लागतो. रात्री पायावर थोपटलं की झोपते. केस विंचरताना रडते, तिकडे लक्ष द्यायचं नाही. तिला सांगा, तुझ्या काकांनी तुझ्या वडिलांना गाडी शिकवली. भांडणाचं सांगू नका.

पेटीत टाकायला आता सिद्धाराम नाही. पाकीट मी ह्यांच्याच हातात देणार आहे. चिकटवणार नाही.

सगळ्यांना, वहिनींना,
पद्मजाचा नमस्कार


त्याच दिवशी, दुपारी

ती. दादास कमलाकरचा नमस्कार.

पाकीट तिनं माझ्या हातात ठेवलं आणि "एवढं टाकून या" म्हणाली. उघडंच होतं. सात रस्त्याच्या पेटीपर्यंत गेलो. तुझी पत्रं मी फोडत नाही, पण हे फोडायचंच नव्हतं. पेटीला टेकून उभ्यानं वाचलं. मालतीचं आलं तिथं थांबलो. लोक जात-येत होते. एकानं विचारलं, रविवारची तयारी काय म्हणते? मी काहीतरी बोललो असेन.

मग क्लबात जाऊन नाव काढून घेतलं. चिटणिसाला कारण हवं होतं, ते दिलं नाही.

गाडी ठोकळ्यांवर चढवली आहे. पुढची चाकं उतरवली. डावं टायर आतून कापडापर्यंत गेलं आहे, हात फिरवला तर दोरे हाताला येतात. या चाकावर ती शेजारी बसणार होती. सिद्धाराम बसत होता. त्याच्या आईकडे जाऊन आलो. म्हैस नव्हती असं तिला सांगितलं. तिला कळलं की नाही ते मला कळलं नाही. तिनं मला बसायला पोतं टाकलं.

मागचा आस नेमका किती अरुंद आहे आणि त्या हिशेबानं पुढची चाकं समोरून किती आत घ्यायची, ते कळव. मला मोजता येतं, दादा. तरी विचारतो आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हातून परत गेलेलं पाकीट तुझ्याकडे पोचलं असेल. ते पुन्हा पाठवायचं कष्ट घेऊ नकोस. घेऊनच ये. होटगीला गाडी बदलू नकोस, तिथं मी टांगा घेऊन उभा असेन. आईला मी सांगतो. दोरी खिळ्याला आहे, पण आता पार फिकी झाली आहे. तुझ्या हातानं हळद लाव.

वहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांना मागे ठेवून येऊ नकोस.

कमलाकर